ओवी लिहिणारे इंग्रज धर्मगुरू : फादर थॉमस स्टीफन्स



मराठी ख्रिस्ती माणसाला एक प्रश्न आयुष्यात कधी ना कधी ऐकावाच लागतो. तुमचा धर्म इंग्रजांनी आणला ना? शाळेत, कचेरीत, शेजारीपाजारी हा प्रश्न बहुधा सहजच विचारला जातो, आणि आपण बहुधा हसून वेळ मारून नेतो. आज आम्ही ज्यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत ते फादर थॉमस स्टीफन्स खरोखरच इंग्रज होते. भारतात वास्तव्य केलेले पहिले इंग्रज म्हणून त्यांना ओळखतात. पण नवल असे की, ते इकडे आले तेव्हा त्यांच्या मायदेशात पवित्र मिस्सा अर्पण करायला कायद्याने बंदी होती. इंग्रजांचे राज्य घेऊन ते आले नाहीत. त्या राज्यात आपल्या श्रद्धेला जागा उरली नाही म्हणून ते देशाबाहेर पडले. पुढे चाळीस वर्षे ते गोव्यात राहिले आणि आपल्या मराठीत त्यांनी सुमारे ११ हजार ओव्या रचल्या.

त्यांचे ख्रिस्तपुराण हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले असेल. ते लिहिणाऱ्या माणसाची हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही. युरोपच्या इतिहासातील काही चमत्कारिक गोष्टी तिच्यात गुंतलेल्या आहेत.

दहा वर्षांत तीन राज्ये, तीन उपासना

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. वडिलांचे नावही थॉमसच. ते लंडनला व्यापार करीत. आठवा हेन्री राजा याने १५३४ मध्ये पोपमहोदयांशी नाते तोडून स्वतःला इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचा प्रमुख ठरवले होते. थॉमस जन्मले तेव्हा हेन्रीचा मुलगा सहावा एडवर्ड गादीवर होता आणि राज्य प्रोटेस्टंट होते. १५५३ मध्ये मेरी राणी आली आणि राज्य पुन्हा कॅथोलिक झाले. १५५८ मध्ये एलिझाबेथ राणी आली आणि ते पुन्हा प्रोटेस्टंट झाले. म्हणजे या मुलाने वयाची दहा वर्षे पुरी होण्याआधीच तीन राज्यकर्ते पाहिले, आणि दरवेळी देवळातील उपासना बदललेली पाहिली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. छळ एकाच बाजूने झाला असे नाही. कॅथोलिक मेरी राणीच्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले. एलिझाबेथच्या काळात पाळी कॅथोलिकांवर आली. सरकारी उपासनेला न जाणाऱ्यास दंड होई. १५७० मध्ये पोपमहोदयांनी राणीला ख्रिस्तसभेबाहेर काढल्याचे जाहीर केले, तेव्हापासून तर प्रत्येक कॅथोलिक माणसाकडे राजद्रोही म्हणून संशयाने पाहिले जाऊ लागले. परदेशात दीक्षा घेऊन आलेले धर्मगुरू वेश पालटून, घरांच्या गुप्त खोल्यांत लपून मिस्सा अर्पण करीत. त्याच पिढीतील येशूसंघीय धर्मगुरू एडमंड कॅम्पियन यांना १ डिसेंबर १५८१ रोजी लंडनच्या टायबर्न येथे फाशी दिले गेले. आज ते संत आहेत.

नाचता नाचता पडलेला दरबारी

या धामधुमीत तरुण थॉमसची गाठ थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाशी पडली. पाउंड राणीच्या दरबारातले, नाटक आणि नृत्य यांत तरबेज. त्यांच्याविषयी एक हकिकत सांगतात ती अशी. नाताळच्या सणात दरबारात त्यांनी एक अवघड गिरकी घेऊन दाखवली. राणी खूश झाली आणि तीच गिरकी पुन्हा घेण्याची तिने आज्ञा केली. दुसऱ्या खेपेला पाउंड यांचा तोल गेला आणि ते भर दरबारात आडवे झाले. राणीने त्यांना बैल म्हणून हिणवले आणि सारा दरबार हसला. त्या दिवशी पाउंड यांनी दरबाराला रामराम ठोकला तो कायमचा. जगाची मर्जी किती क्षणभंगुर असते हे त्यांना उमगले, आणि ते प्रार्थना आणि उपवास यांकडे वळले.

पाउंड यांच्या सोबत स्टीफन्स सुमारे दोन वर्षे राहिले. संशय येऊ नये म्हणून ते पाउंड यांच्या नोकराच्या वेशात वावरत. दोघांनी मिळून रोमला जायचे आणि येशूसंघात प्रवेश घ्यायचा असे ठरवले. पण निघण्याच्या बेतात असतानाच पाउंड यांना अटक झाली. पुढची जवळजवळ तीस वर्षे त्यांची या तुरुंगातून त्या तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. मागे राहिलेल्या मित्राला ते विसरले नाहीत. पाउंड यांना तुरुंगातच येशूसंघाचे सभासद करून घ्यावे अशी विनंती त्यांनी संघप्रमुखांना केली आणि १५७८ मध्ये ती मान्य झाली. कोठडीत बेड्या घालून बसलेल्या माणसाला शेकडो कोसांवरून संघाचे सभासदत्व मिळाले, अशी ही विलक्षण मैत्री होती.

साडेसहा महिन्यांचा समुद्रप्रवास

४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांचा पोर्तुगीज ताफा लिस्बनहून भारताकडे निघाला. त्यात स्टीफन्स होते. वय तीस. आफ्रिकेला दक्षिणेकडून वळसा घालताना वादळे लागली. वेळ निघून गेल्यामुळे जहाजाला मादागास्कर बेटाच्या बाहेरच्या लांबच्या मार्गाने जावे लागले. त्या मार्गावर थांबून ताजे पाणी, ताजे अन्न घेण्याची सोय नव्हती. माणसांच्या हिरड्या सुजल्या, अंगाला सूज आली, उभे राहण्याचे त्राण उरले नाही. जहाजावर दीडशेच्या आसपास माणसे आजारी पडली आणि २७ दगावली. त्या काळच्या मानाने हा आकडा लहान समजला गेला, यावरून त्या प्रवासाची कल्पना यावी.

२४ ऑक्टोबर १५७९ रोजी जहाज गोव्याला लागले. १० नोव्हेंबरला स्टीफन्स यांनी वडिलांना पत्र लिहिले. मुलगा सुखरूप पोहोचला हे कळवण्यासाठी लिहिलेले ते घरगुती पत्र होते. त्यात वारे, प्रवाह, मासे, पक्षी, दिशा ओळखण्याच्या खुणा असे सारे बारकाईने आले होते. हे पत्र पुढे लंडनमध्ये रिचर्ड हॅक्लूट या प्रवासवर्णनांच्या संग्राहकाच्या हाती आले आणि १५९९ मध्ये छापले गेले. पुढच्याच वर्षी, ३१ डिसेंबर १६०० रोजी, ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. कंपनी या एका पत्रामुळे निघाली असे म्हणणे फार होईल. पण इंग्रज व्यापाऱ्यांनी भारताच्या वाटेविषयी जे वाचले, त्यात देश सोडून गेलेल्या एका कॅथोलिक मुलाने वडिलांना लिहिलेले पत्र होते, ही गोष्ट खरी.

कैदेतले देशबांधव

१५८३ च्या अखेरीस होर्मुझ बंदरात पकडलेले चार इंग्रज गोव्यात कैदी म्हणून आणले गेले. जॉन न्यूबेरी आणि राल्फ फिच हे व्यापारी, विल्यम लीड्स हा जडजवाहिरांचा कारागीर आणि जेम्स स्टोरी हा चित्रकार. हेर असल्याचा त्यांच्यावर संशय होता. ज्या राज्याने स्टीफन्स यांना परागंदा केले आणि त्यांच्या मित्राला तुरुंगात टाकले, त्याच राज्याची ही प्रजा. स्टीफन्स यांनी मनात काही न ठेवता त्यांच्यासाठी खटपट केली. त्यांच्या आणि दुसऱ्या एका येशूसंघीयाच्या रदबदलीने डिसेंबरमध्ये ते जामिनावर सुटले. चित्रकार स्टोरी गोव्यात राहून येशूसंघीयांच्या देवळासाठी चित्रे काढू लागला. बाकीचे तिघे पुन्हा पकडले जाण्याच्या भीतीने एप्रिल १५८४ मध्ये गोव्यातून निसटले.

त्यांची पुढची वाट आपल्याला जवळची वाटेल. बेळगाव, विजापूर, गोवळकोंडा असे करीत फिच उत्तरेकडे वळला आणि बाळापूरवरून बुऱ्हाणपूरला गेला. वाटेतील एक मोठे गाव त्याने नोंदले आहे, ते बीदर असावे असे अभ्यासक मानतात. बीदरहून बाळापूरकडे जायचे म्हणजे आपला मराठवाडा ओलांडूनच जायचे. त्याच साली गोदाकाठी पैठणला संत एकनाथ ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करण्याचे काम पुरे करीत होते. फिच १५९१ मध्ये लंडनला परतला आणि कंपनी काढणाऱ्यांनी त्याचा सल्ला घेतला.

स्टीफन्स यांना कंपनी ठाऊक नव्हती आणि पुढचे राज्यही ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त तुरुंगातल्या माणसांना मदत केली. शुभवर्तमानात तेवढेच सांगितले आहे.

कुंकळ्ळीची जखम

स्टीफन्स यांचे कार्यक्षेत्र होते गोव्याच्या दक्षिणेकडील सासष्टी तालुका. मडगाव, राय, राशोल ही गावे त्यातलीच. येथे पोर्तुगीज सत्तेने नवा धर्म कसा पसरवला हे आज लपवण्याचे कारण नाही. १५६७ मध्ये सासष्टीतील देवळे सरकारी हुकमाने पाडली गेली. लोकांच्या मनात राग साठत गेला. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी गावी तो उफाळून आला. फादर रुदोल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सहकारी, तसेच त्यांच्यासोबतचे काही प्रापंचिक ख्रिस्ती, जमावाने ठार केले. फादर रुदोल्फ थोड्याच दिवसांपूर्वी अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. या पाच जणांना १८९३ मध्ये धन्यवादित घोषित करण्यात आले. त्या घटनेचा सूड म्हणून पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकरांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून घेतले आणि त्यांना ठार मारले. तेही कुणाचे तरी वडील होते, मुलगे होते. दोन्हीकडच्या मृतांसाठी आपण प्रार्थना करावी असे आम्हांला वाटते.

मारले गेलेले स्टीफन्स यांच्या संघाचे बंधू होते, आणि ज्या तालुक्यात ही घटना घडली तेथेच त्यांना पुढचे आयुष्य काढायचे होते. घाबरून ते गोवे शहरात परतले असते किंवा मनात अढी धरून राहिले असते, तर नवल नव्हते. त्यांनी तिसरीच वाट धरली. ते लोकांची भाषा शिकत राहिले.

घटनेला तीन महिने होत असताना, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, त्यांनी आपला भाऊ रिचर्ड याला युरोपात एक पत्र लिहिले. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांच्या घडणीशी मिळतीजुळती आहे असे निरीक्षण त्यात त्यांनी नोंदवले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघालेल्या भगिनी असाव्यात, हा विचार कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये मांडला आणि त्यातून भाषाशास्त्राची एक शाखा उभी राहिली. त्याआधी दोनशे वर्षे सासष्टीतील एका धर्मगुरूच्या ते ध्यानात आले होते. हे पत्र मात्र विसाव्या शतकापर्यंत छापले गेले नाही, त्यामुळे जगाला ते उशिरा कळले.

पुराण कसे जन्मले

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक अडचण होती. त्यांच्या जुन्या पोथ्या गेल्या होत्या; पुराण ऐकण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय मात्र गेली नव्हती. पाठ केलेली धर्मशिकवण ठीक, पण दुपारी चार माणसांनी एकत्र बसून ऐकावे असे काही त्यांच्याजवळ नव्हते. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच हा प्रसंग आला आहे. एका रविवारी देवळात मुलांची धर्मशिकवण चालू असताना एक ख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंकडे हीच उणीव बोलून दाखवतो आणि आमच्यासाठी पुराण करा असे सुचवतो.

म्हणजे हा ग्रंथ वरून लादलेला नव्हता. लोकांनी तो मागून घेतला. स्टीफन्स यांनी तो लिहिला मराठीत, कोकणी शब्दांची जोड देऊन, आणि ओवी छंदात. ओवी म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. तीन चरणांना यमक आणि चौथा चरण आखूड. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसून तीच गात, आणि ज्ञानदेव-एकनाथांनी आपले ग्रंथ तिच्यातच रचले. लातूरपासून जवळच असलेल्या अंबाजोगाईला याच काळात संत दासोपंत राहत होते. त्यांचा जन्म १५५१ चा आणि देहावसान १६१५ चे. म्हणजे ते स्टीफन्स यांचे अगदी समवयस्क. दासोपंतांचा गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा सांगतात, आणि त्यांनी कापडावर लिहिलेली पासोडी प्रसिद्धच आहे. एक अंबाजोगाईला, दुसरा सासष्टीत. दोघांची कधी भेट झाली नाही, पण दोघेही एकाच वेळी एकाच छंदात लिहीत होते.

ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अध्याय आहेत. अध्यायाला तेथे अवस्वरू म्हटले आहे. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा येते. दुसऱ्यात प्रभू येशूचा जन्म, त्याचे कार्य, दुःखसहन, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण येते. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा लोकांच्या ओठांवरचा शब्द घेतला. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी मराठी भाषेची जी स्तुती गायली ती आजही शाळेच्या पुस्तकांतून आणि भाषणांतून ऐकू येते. ज्याची मातृभाषा इंग्रजी, ज्याची उपासना लॅटिनमध्ये आणि ज्याचे सरकार पोर्तुगीज, अशा माणसाने ती लिहिली आहे.

ग्रंथ १६१६ मध्ये राशोलच्या छापखान्यात छापला गेला. पण रोमन लिपीत. याचे कारण साधे होते. गोव्यात देवनागरीचे खिळे नव्हते. स्टीफन्स यांच्या मनात ही खंत होती. १६०८ मध्ये त्यांनी रोमला संघप्रमुखांना पत्र लिहून ती कळवलीही. युरोपच्या लिपीला चोवीस अक्षरे पुरतात. इकडच्या लिपीत अक्षरे जोडून येतात, म्हणून साचे सुमारे ६०० लागतील, आणि वरिष्ठांच्या हुकमाशिवाय ते काम होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या हयातीत ते झाले नाही.

१६१९ मध्ये त्यांचे गोव्यात निधन झाले. मायदेश त्यांनी पुन्हा पाहिला नाही. १६२२ मध्ये त्यांनी कोकणीत लिहिलेले धर्मशिकवणीचे पुस्तक निघाले. १६४० मध्ये त्यांचे कोकणीचे व्याकरण छापले गेले. भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून ते गणले जाते. त्यांनी पाडलेल्या वाटेवर दुसरेही चालले. स्टीफन्स गोव्यात आले त्याच वर्षी जन्मलेले फ्रेंच येशूसंघीय एतियेन द ला क्रुआ यांनी संत पेत्राचे पुराण ओवीत रचले आणि ते १६२९ मध्ये प्रसिद्ध झाले.

सरकारने मोडले, लोकांनी जपले

ख्रिस्तपुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढे वारे फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी आपली भाषा सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या भाषेसाठी स्टीफन्स यांनी चाळीस वर्षे घालवली, तीच आता नकोशी ठरली. राज्यही ख्रिस्ती आणि प्रजाही ख्रिस्ती, तरी लोकांच्या जिभेवर असा घाव घातला गेला. छापलेल्या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आजवर मिळालेली नाही.

मग ग्रंथ वाचला कसा? तो साध्या कुटुंबांनी वाचवला. गोव्यातून दक्षिणेकडे मंगळूरच्या बाजूला गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी त्याच्या नकला हाताने लिहून जवळ ठेवल्या. कागद जीर्ण झाला की नवी नक्कल. सुमारे अडीचशे वर्षे छापखान्याच्या मदतीशिवाय हे चालले. या हस्तलिखितांवरून जोसेफ सल्डाना यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला, तोही रोमन लिपीत. पुढे जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनऱ्यांना लंडनमधील मार्सडन संग्रहात ख्रिस्तपुराणाचे देवनागरी हस्तलिखित आढळले. याच अ‍ॅबट यांनी आपल्या एकनाथांचे आणि अंबाजोगाईच्या दासोपंतांचे चरित्र इंग्रजीत नेले, हाही एक योगायोगच.

१९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली. १९९६ मध्ये मुंबईहून कॅरिदाद द्रागो यांची आणि २००९ मध्ये सलेशियन धर्मगुरू फादर नेल्सन फलकाव यांची आवृत्ती निघाली. एका कॅथोलिक धर्मगुरूचा ग्रंथ एका प्रोटेस्टंट मिशनऱ्याने शोधला आणि मराठीच्या हिंदू अभ्यासकांनी तितक्याच प्रेमाने अभ्यासला. गोव्यात पर्वरी येथे स्टीफन्स यांच्या नावाने कोकणी भाषेचे अभ्यासकेंद्रही उभे आहे.

आपल्यासाठी काय?

बंधुभगिनींनो, फादर स्टीफन्स यांना ख्रिस्तसभेने संत घोषित केलेले नाही, आणि त्यांच्या नावावर चमत्कार सांगितले जात नाहीत. त्यांच्या काळातील सत्तेचे जे दोष होते त्यांची सावली त्यांच्या कार्यावरही पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या माणसाने सक्तीची उपासना स्वतः सोसली, त्याने सासष्टीतल्या माणसांपुढे हुकूम ठेवला नाही, गाणे ठेवले. ते त्यांच्याच छंदात आणि त्यांच्याच शब्दांत ठेवले, आणि त्यासाठी आपले अर्धे आयुष्य एका परक्या भाषेचा विद्यार्थी होऊन काढले. सत्तेच्या जोरावर जे उभे राहिले ते सत्तेबरोबर गेले. गाणे मात्र लोकांनी स्वतःहून सांभाळले.

आमच्या मनात येते ते एवढेच. आपली मुले आज इंग्रजी शाळेत जातात, आणि त्यात वाईट काही नाही; पोटापाण्यासाठी ती भाषा हवीच. पण प्रार्थना पाठ आहे आणि अर्थ ठाऊक नाही, बायबल कपाटात आहे आणि मराठी वाचताना अडखळायला होते, असे आपल्या घरात होऊ लागले असेल तर आपण थोडे थांबायला हवे. राजाज्ञेने भाषा जाते हे गोव्याने पाहिले; नुसत्या दुर्लक्षानेही ती जाते.

म्हणून एक विनंती. रविवारी संध्याकाळी जेवणाआधी पंधरा मिनिटे काढा. घरातल्या सर्वांत लहान वाचणाऱ्याच्या हाती मराठी बायबल द्या आणि शुभवर्तमानाचा एक उतारा मोठ्याने वाचायला सांगा. घरात आजी असेल तर तिला प्रभूच्या, पवित्र मरियेच्या किंवा जात्यावरच्या ज्या ओव्या येत असतील त्या म्हणायला सांगा आणि नातवंडांकडून वहीत उतरवून घ्या. मंगळूरच्या कुटुंबांनी वेगळे काही केले नव्हते.

आणि तो जुना प्रश्न पुन्हा कुणी विचारला, तर रागावू नका. एक इंग्रज होता, त्याला त्याच्या राज्यात ठाव उरला नाही, आणि त्याने आमच्या भाषेत प्रभूची गोष्ट ओवीत गायली, एवढे शांतपणे सांगा. ऐकणाऱ्यालाही ओवी ठाऊक असते. पुढचे बोलणे तिथूनच सुरू होईल.